लठ्ठोबाच्या पोटाची गोष्ट

हो, ठेवला उपाशी! रात्रभर ठेवला, आणि पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा ठेवीन – पण आधी त्या स्टुलावर बस, दारातून ओरडू नकोस, आत चार कुत्री झोपलीत. दहा दिवस बाहेरगावी जाताना तूच हा कुत्रा माझ्या हवाली केलास ना, मग मी काय केलं तेही ऐकून घे. म्हणे बरगड्या दिसतात! अगं, त्याला कंबर म्हणतात, तू आजवर पाहिली नव्हतीस एवढंच. लठ्ठोबा म्हणते मी त्याला – तुझं ते लांबलचक नाव घेईपर्यंत तो जेवून झोपतो. आणि पायावरचे केस मी नाही भादरले, डॉक्टरीणबाईंनी भादरले, सलाईन लावायला. थांब, मध्ये बोलू नकोस. सगळं सांगते. मी लपवणाऱ्यातली नव्हे.

गुरुवारी संध्याकाळी ओकला. एकदा. आता कुत्रं एकदा ओकतं, गवत खातं, शेपटी हलवत परत येतं – त्यात घाबरायचं काय? काही नाही. मी जेवणाचा वाडगा उचलून ठेवला, पाणी दोन-दोन घोट दिलं, भसाभस प्यायलं की तेही बाहेर येतं. मग पुन्हा ओकला, मग पातळ झालं. ते बघ भिंतीवरचं कॅलेंडर – कोण किती वाजता बसलं, कसं, कुठल्या रंगाचं, सगळं लिहिते मी. सून कधी आलीच तर नाक मुरडते, म्हणते, आई, घरात पाहुणे येतात हो. येऊ देत, वाचू देत! चौथी शिकलेली मी, कुत्र्यांच्या दुखण्यावरचं जाडजूड पुस्तक रद्दीतून उचललं आणि अडलेला एकेक शब्द लोकांना विचारत वाचून काढलं – मला कुणी शिकवायला नाही आलं. रोज सकाळी पहिलं काम काय? प्रत्येकाचा ओठ वर करून हिरडी अंगठ्यानं दाबायची. पांढरी पडते, अंगठा काढला की झटकन गुलाबी व्हायला हवी, ओलसर लागायला हवी. शुक्रवारी त्याची हिरडी चिकट, गोंद लावल्यासारखी. आणि उभा कसा – पुढचे पाय जमिनीवर पसरलेले, ढुंगण वर. शेजारचा शिंपी हसला, "मावशी, स्वारी खेळायच्या मूडमध्ये दिसतेय." खेळायच्या! अरे, शेपटी बघ, डोळे बघ त्याचे – पोटातल्या कळा सोसत होता तो. पोटाला हात लावला तर कण्हला. मग मी काय, काढा पाजला? माणसाची गोळी कुस्करून घातली? छे! त्याच शिंप्याला स्कूटर काढायला लावली – पुढे तो, मध्ये लठ्ठोबा, मागे मी, पदर कमरेला खोचून.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं यानं? म्हटलं, रस्त्यावर उचललं असेल काहीतरी. त्यांनी इंजेक्शन दिलं, म्हणाल्या, न्या घरी, लक्ष ठेवा. दवाखान्याच्या फाटकापर्यंत आले आणि परत फिरले – म्हटलं, बाई, चरबी खाल्लीय, वाटीभर, मटणाची – तसा त्यांचा चेहराच बदलला, रक्त तपासलं, स्वादुपिंडाला सूज निघाली, दोन दिवस ठेवून घेतलं. घरी पाठवलं असतं तर –

काय विचारतेस? कसली चरबी?

...बरं. बोलले तर बोलले. मीच दिली. बघतेस काय अशी? त्या दिवशी मुलगा आणि सून जेवायला येणार होते, सात महिन्यांनी. सकाळपासून मटण शिजत होतं. दीड वाजता फोन – आई, आज नाही जमत गं. तीन ताटं वाढून ठेवलेली. बाकीची चार कुत्री भुंकतात, मागतात, त्यांना दटावता येतं. हा मागत नाही. हा पायावर हनुवटी टेकवतो आणि नुसता बघतो. लोकांची कुत्री सांभाळते त्या एकतीस वर्षांत माझ्या ताटातला घास कुठल्या कुत्र्याला दिला नाही गं मी! मुलाला आवडतात म्हणून चरबीचे तुकडे वेगळे काढले होते, तेच दिले. आणि अक्कल बघ माझी – कांदा बाधतो म्हणून रस्सा नळाखाली धुऊन काढला, दोनदा धुतला, आणि हातातली चरबी दिसली नाही मला.

फोन का नाही केला तुला? केला असता तर काय सांगितलं असतं – हेच ना? नाही निघालं तोंडातून. आता सांग जाऊन सगळ्यांना, म्हातारीनं कुत्रं आजारी पाडलं. सांग की! पण फाटकातून परत फिरले तेही सांग. नाही सांगितलंस तरी माझं काही अडत नाही. आणि माफी-बिफी मागणार नाही तुझी. ज्याची मागायची त्याची मागून झाली, सलाईन चालू होतं तेव्हा.

हे घे, लिहून ठेवलंय – मऊ भात, उकडलेली कोंबडी, कातडी काढून, मीठ नाही, तेल नाही, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. ओकला, मलूल पडला, शीमध्ये रक्त दिसलं, तर मला विचारत बसू नकोस, सरळ दवाखाना गाठ. काय खाल्लं ते खरं सांग.

काय म्हणालीस? पुढच्या महिन्यात पुन्हा ठेवशील? माझ्याकडे?

नाही. नको आणूस. दुसरं कुणाचंही आण, चावरं आण, वेडं आण, सांभाळीन. हा नको. हा बघत बसतो.

ऊठ आता. फाटक नीट लाव, आतली चौघं सुटतील.