‘सांगितलं तर गुण जातो’ म्हणणारं चूर्ण

आजच्या या सोहळ्याचे अध्यक्ष, हसनाबादचे सरपंच माननीय अण्णासाहेब, भोकरदनहून वेळात वेळ काढून आलेले प्रमुख पाहुणे, आरोग्य केंद्रातला सगळा कर्मचारीवर्ग, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या डॉक्टर सत्यशीला खरात मॅडम, आणि मंडपात दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या मायबहिणींनो, वडीलधाऱ्या मंडळींनो,

मी बेबीनंदा, इथल्या अंगणवाडीची सेविका. आधीच्या वक्त्यांनी मॅडमच्या मायाळूपणाचं कौतुक केलं. अध्यक्षांची हरकत नसेल, तर मी त्यांच्या संशयी स्वभावाचं कौतुक करणार आहे. हसू नका. त्या संशयाची पहिली धग मलाच लागलेली आहे.

माझ्या सासूबाई, सगुणाबाई, समोरच बसल्यात. त्यांना साखरेचा आजार आहे, हे गावाला ठाऊकच आहे. मॅडमनी लिहून दिलेली सकाळची गोळी त्या माझ्याच हातची घ्यायच्या. शहाण्णव साली, पोळा होऊन गेल्यावर, एका सकाळी त्या चुलीपुढेच कलंडल्या. अंग घामानं निथळत होतं, बोलणं बरळल्यासारखं. जीपमध्ये घालून दवाखान्यात आणलं. मॅडमनी ग्लुकोज चढवलं, तेव्हा डोळे उघडले.

“साखर वाढणाऱ्या बाईची साखर इतकी खाली गेलीच कशी?” मॅडमनी विचारलं, आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

माझ्या नणंदबाई उषाबाई बदनापूरहून धावत आल्या. दवाखान्याच्या ओसरीवर, भरल्या लोकांत म्हणाल्या, “माझ्या मायला जास्तीच्या गोळ्या चारून राह्यली का तू?” माझे मालक, संपतराव, तिथंच उभे होते. खाली मान घालून उभे होते, एवढंच सांगते.

मॅडमनी मला आत बोलावलं. दार लावलं. “खरं सांग. चुकून दोनदा दिलीस?”

“न्हाई.”

“मग मुद्दाम?”

मंडळी, या प्रश्नाला सुनेनं काय उत्तर द्यावं? रडलं तर सोंग, गप्प राहिलं तर कबुली. मॅडम, आज मानपान चाललाय म्हणून सांगते, त्या दिवशी तुम्ही मला बिलकुल आवडला नव्हता!

मॅडमनी गोळी निम्मी केली. उषाबाई मायजवळ राहिल्या. मी पिशवी भरली आणि जांब समर्थला, माहेरी निघून गेले. 

आणि मी तिकडं असताना सासूबाई पुन्हा कोसळल्या. गोळी निम्मी होती आणि ती देणाऱ्या होत्या उषाबाई! आता गावानं नजर फिरवली ती लेकीवर. गावाचं काय, त्याला बघायला कुणीतरी लागतंच.

पण मॅडमनी आता माणसांवरचा संशय सोडला होता. त्या खाटेशेजारी बसल्या. ‘दुसरं औषध घेता का’ हे त्यांनी आधीच विचारलं होतं, आणि ‘न्हाई’ हे उत्तर आलं होतं. या वेळी त्यांनी विचारलं, “आजी, सकाळी चूळ भरल्यापासून निजेपर्यंत तोंडात काय काय जातं, तेवढं सांगा.”

सासूबाई भाकरीपासून सुपारीपर्यंत सगळं बोलल्या आणि अडखळल्या. मग हळूच म्हणाल्या, “आन् चूर्ण. उषानं आणून देल्तं, बाजारातल्या वैदूबाबाकडून.”

उषाबाई म्हणाल्या, “ते काय औषध हाय का? झाडपाला तो!”

“मग मला सांगितलं का नाही?” मॅडमनी सासूबाईंना विचारलं.

“सांगितलं तर गुण जातो म्हणे.”

मॅडम म्हणाल्या, “आणि न सांगितलं तर जीव जातो, आजी.”

त्या चूर्णात साखर उतरवायच्याच गोळ्या कुटून घातल्या असाव्यात, असा मॅडमना संशय. खात्री नाही, हेही त्यांनीच सांगितलं. चूर्ण बंद झालं, गोळी मॅडमनी बेतानं पुन्हा बसवली, आणि त्यानंतर सासूबाईंना तसा झटका आला नाही. झाडपाला सगळाच वाईट, असं मॅडम कधी म्हणाल्या नाहीत. डॉक्टरपासून लपवू नका आणि मनानं गोळी सोडू नका, एवढंच म्हणाल्या.

पुढं सासूबाई आम्हा दोघींना घेऊन बदनापूरच्या बाजारात गेल्या. वैदूबाबा पथारी मांडून बसला होता. “शंभर टक्के जडीबुटी, लहान लेकरानं खाल्लं तरी अपाय न्हाई!”

सासूबाईंनी आपलीच पुडी उघडली. “मंग हे घ्या. एक चमचा तुम्ही खा.”

बाबानं चूर्णाकडं पाहिलं, जमलेल्या लोकांकडं पाहिलं. “माय, आज माझा उपास हाय.”

लोक हसले. उषाबाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांनी स्वतःच्या हातानं ते मायला चारलं होतं. पुढच्या बाजारी ती पथारी दिसली नाही. कुठल्या दुसऱ्या गावात लागली असेल, कोण जाणे. म्हणून तर आज बोलून राह्यले.

आणि त्याआधीचं एक सांगायचं राहिलं. सगळं उघड झाल्यावर मला आणायला मालक आले नाहीत, नणंदबाई आल्या नाहीत. सासूबाई एकट्या एसटीनं जांबला आल्या. माझ्या आईच्या दारात उभ्या राहिल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाल्या, “चल घरी. म्या अजून गोळी घेतली न्हाई. तुझ्या हातची घेईन.”

मॅडम, तुमच्या जागी नवे डॉक्टर येतील. आम्ही त्यांच्यावर थोडा संशय घेऊ, तो आमचा स्वभाव आहे. पण काय खातो ते सांगू, हा शब्द देते. मला दोन शब्द बोलू दिलेत, त्याबद्दल अध्यक्षांची, पाहुण्यांची आणि आपणा सर्वांची ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात घरातल्या गोष्टी मंडपात आल्या, कुणाचं मन दुखावलं असेल तर उषाबाईंसकट सर्वांनी मोठ्या मनानं पोटात घालावं. मॅडम, सुखानं जा. नमस्कार.