समोरची खिडकी

— नाही नाही, उन्हात नव्हती ते. तेच तं सांगून राहिलो तुमाले. सगळे हेच विचारतात — डॉक्टरनं विचारलं, सिस्टरनं विचारलं, आता बाकड्यावर शेजारी बसलेले तुमी बी. माही बायको, आशाबाई, घरात होती — सावलीत, कूलरपुढं. अन् ऊन तरी कुठं आहे सध्या? नुस्तं आभाळ भरून येते, पाऊस नाही, झाडाचं पान हालत नाही — तुमच्या मूर्तिजापूरले बी असंच असन न? हां, तेच. मीठ पाझरून राहिलं, आगपेटीची काडी पेटत नाही, काल धुतलेलं बनियन आज बी ओलंच. मे महिन्यात अकोला तव्यासारखं तापलं होतं, तवा काही झालं नाही तिले. अन् या दमट हवेनं लोळवलं. नशीब म्हना, दुसरं काय?

कूलर चांगला आहे आमचा. लोखंडी, मोठा. वाळ्याच्या ताट्या मी सोता बदलल्या यंदा. डॉक्टर म्हंजे पोरगंच आहे, त्यानं विचारलं — बाबा, खोलीत हवा खेळती होती का? म्हनलं, दोन खिडक्या हायेत खोलीले. खोटं बोललो काय? हायेतच दोन. एकीत कूलर, दुसरी त्याच्या समोर. आता समोरची बंद होती, ते त्यानं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. — काहून म्हंजे? बंद होती म्हंजे बंद होती. लोकाच्या घरच्या खिडक्या बंद नसतात काय? असं पाहू नका माह्याकडं, ठाऊक आहे मले. कूलर लावला का समोरची खिडकी उघडी पाहिजे, नाही तं ओली हवा खोलीतच फिरते, अंगावरचा घाम वाळत नाही — वऱ्हाडात हे शेंबड्या पोराले बी समजते. मले शिकवू नका.

पन ते खिडकी उघडते कुठं, हे बी पाहा न. माह्या मोठ्या भावाच्या अंगनात. भाऊ वारला, आता कौशल्यावहिनी एकटीच राहते तिथं. ह्या दोघी जावा-जावा — आशाबाई लग्न होऊन आली तवापासून त्या खिडकीत. इकडून ही भाजी निवडे, तिकडून ते, अन् दुपारभर बोलनं. मी कधी काही म्हनलं नाही. पन या उन्हाळ्यात वहिनीनं कुरड्या टाकल्या अंगनात, अन् भिंतीपलीकडून मले म्हनते — भाऊजी, तुमच्या कूलरची हवा इकडं येते, माह्या कुरड्या सादळून राहिल्या. सादळून! चार बाया बसल्या होत्या तिथं, साऱ्या हासल्या. आता तुमीच सांगा, आमच्या घरातून जे निघते त्यानं तुमचं सादळते? माहं डोकं फिरलं. म्हनलं, आमची हवा बी नको न तुमाले? ठीक. फळ्या आनल्या, खिळे ठोकले, खिडकी बंद. आशाबाई मागं उभी — अहो, मस्करी केली त्याईनं. मस्करी! दुसऱ्या दिवशी वहिनी सोता आली, त्याच कुरड्या तळून ताटलीत घेऊन. वाळवन गच्चीवर नेईन म्हने, काढा हो त्या फळ्या. मी ताटलीले हात लावला नाही. वरून म्हनलं, या उंबऱ्यात पाय ठेवू नका. — बोलून जाते मानूस रागात. तुमी नाही बोलले कधी?

काल दुपारची गोष्ट. आशाबाई म्हने, जीव घाबरून राहिला, पदर पिळला तं पानी निघन असं झालं अंग, जरा ओट्यावर बसू द्या. म्हनलं, कूलर जोरात कर, पानी टाक त्यात, आतच बस. — तसं नाही हो, बाहेर बसाले काही हरकत नव्हती. पन शेजारच्या ओट्यावर वहिनी बसली होती न. ह्या दोघी पुन्हा बोलाले लागल्या असत्या, मंग खिडकी बुजवून काय उपयोग? मीच बसलो ओट्यावर. आतून एक डाव आवाज दिला तिनं. मले वाटलं, काही तरी काम सांगत असन. कूलरची घरघर केवढी असते... नाही, आयकू आला होता. आवाज आयकू आला होता मले. उठलो उशिरा. आत गेलो तं भिंती ओल्या, फरशी ओली, चादर ओली, अन् ते खाली पडलेली. अंग भट्टी.

मंग गल्लीतल्या नबीचा ऑटो बोलावला. वहिनी अनवानी धावत आली, मले बसू द्या, तिचं डोकं मांडीवर घेऊ द्या म्हने. म्हनलं, जागा नाही. होती हो. जागा होती. मले नाही जमलं ते डोकं धरनं. ओल्या अंगावरून हातच सरके माहा. अन् आता इथं बसून मले भेव लागून राहिलं — ते उठली नाही तं काय, हे एक. अन् उठली, तं पयलं काय विचारन?

थांबा, सिस्टर बोलावून राहिली. काय म्हनते? डोळे उघडले? देवा. काय म्हनते, नाव घेऊन राहिली? कोनाचं?

कौशल्या. हो, आहे. भावजय आहे माही.

तुमचा फोन काढा जरा. माह्या फोनवरून नको, मले बोलता येनार नाही. नंबर सांगतो, लावा. सांगा तिले — आशाबाई शुद्धीवर आली, तुमाले बोलावते. लागला? काय म्हनते? ... रडून राहिली काय? ... काय विचारते ते, सांगा न मले.

भाऊजी आत येऊ देतीन का, म्हनते?

म्हना, भाऊजी नाहीत इथं. गेले म्हना कुठं तरी, कोनीच नाही तिच्यापाशी. अन् हा भेटीचा पास धरा, आत एकालेच सोडतात, वहिनीच्या हाती द्या. मी खाली फाटकाबाहेर थांबतो. — माह्याकडं नका पाहू हो तुमी. फोनवर बोला.