शिडीचा चौथा शेवट

—नाही साहेब, दार ढकलू नका, खटका वाकला तर मलाही काही करता येणार नाही. बसून घ्या. बसायला काय आहे म्हणा बाथरूममध्ये — बादली पालथी घाला की. हां. तुमचा कारकून माझ्या कुलूप-किल्ल्यांच्या दुकानात धावत आला, 'संपादकसाहेब आत अडकलेत, चल', तसा हत्यारांची पिशवी घेऊन निघालोच. आता तो छापखान्यात गेलाय, म्हणजे आपण दोघंच. पाचला अंक छपाईला जायचाय, तुमची सही लागते, सगळं ठाऊक आहे हो मला. अजून तासभर आहे. तुम्ही मला ओळखलं नसेल — आवाजावरून कसं ओळखणार, मी बोलतो कुठे कुणाशी! दार मध्ये आहे म्हणून बरं, समोर असतात तर तोंडातून शब्द फुटला नसता. ती शिंप्याची गोष्ट आठवते? माळ्यावर चढतो, शिडी पडते, वरच अडकतो? ती माझी. सातवीत शाळा सोडली मी, पण अक्षर बरं आहे की नाही? पहिल्यांदा शेवटी त्याचा हरवलेला भाऊ शिडी घेऊन आला, वीस वर्षांनी. तुम्ही लाल शाईनं लिहिलंत, 'नेमका आजच? साभार परत.' मग वादळ आणलं — छप्पर उडालं, शिंपी अलगद कापसाच्या ढिगावर. साभार परत. तिसऱ्यांदा सगळं स्वप्नच निघालं, तेव्हा तर तुमच्या पेनानं कागद फाटला होता. आई म्हणाली, माणूस तापट दिसतो. मी म्हटलं, नाही गं, बरोबर आहे त्यांचं. तुमचं ते वाक्य दुकानात फळीवर चिकटवलंय मी — 'शेवट आभाळातून पडू नये, गोष्टीत आधीपासून असावा.'

काय? दुसरी किल्ली? आहे की, खिशातच आहे. मंगळवारी हे कुलूप मीच नाही का बसवलं, तेव्हा एक — अं? मग उघडत का नाही? उघडेन हो. आधी दाराखालून चार पानं सरकवतो, तेवढी वाचा. चौथा शेवट आहे. शिडी पडलीच नव्हती, बायकोनं काढून ठेवली होती. तीनदा काही सांगायला आली होती बिचारी, यानं शिवणावरून मान वर केली नव्हती. मागे वळून पाहिलं की पटतं ना? आता मंगळवारचंच घ्या — मी निघताना टेबलावर एक स्क्रू उरला होता, 'हा कुठला रे?' असं तुम्हीच विचारलंत. मी नुसता हसलो. म्हणजे आधीपासून होतंच की गोष्टीत — ओरडू नका साहेब. वाचा.

झाली? इतक्यात? 'उत्तम'? याच अंकात? ... साहेब, पान उलटल्याचा आवाज एकदाच आला. तीनदा परत करणारा माणूस, बादलीवर बसून दोन मिनिटांत त्याचं मन पालटलं — कशामुळे? दार बंद आहे म्हणून! हे वादळानं छप्पर उडवण्यासारखंच झालं की हो. मोह होतोय मला, खोटं कशाला सांगू, चार वर्षं या एका शब्दाची वाट बघितलीय. हात खिशातच आहे. पण नाही पटत.

साभार परत, साहेब. पहिल्या ओळीपासून नीट वाचा. मी खाली चहा पिऊन येतो.