केरबाअण्णांची चप्पल आणि पाच यंत्रं

सरका मंडळी, जरा पुढं सरका. मागं माणसं दारात उभी आहेत. काय म्हणता, खांबाला टेकायचंय? अहो, देवळाला खांब चार आणि टेकणारे चारशे! ज्याची पाठ दुखत नाही तोही टेकून बसलाय. का? तर शेजारचा टेकायला निघाला होता म्हणून!

पूर्वरंगात तृष्णेवर पुष्कळ बोललो, तेवढ्यात तिघं झोपले. मी मोजले. आता उत्तररंग. आता झोपाल तर नुकसान तुमचंच.

मंडळी, ऐका. बाजारात नवी वस्तू येते. मोबाइल म्हणा, कानात घालायचं ते बोंडूक म्हणा, काहीही म्हणा. दहा वाजता दुकान उघडतं आणि सव्वादहाला दारावर पाटी — माल संपला! आता मला सांगा, काल ही वस्तू गावात नव्हती. तिच्यावाचून काल कुणी उपाशी झोपलं नव्हतं. मग एवढ्या लोकांची एवढी नड एका दिवसात आली कुठून?

तिकडून कुणीतरी म्हणतंय, "बुवा, कंपनी मालच थोडा पाठवते." खरं आहे. कंपनी शहाणी असते. पंगतीत वाढपी म्हणाला, "जिलेबी संपत आली हं," की गळ्यापर्यंत जेवलेला माणूससुद्धा पानावर आडवा धरलेला हात काढून घेतो. वाढपी लबाड, कबूल! पण हात कुणी काढला? — पेटीवाले, तुम्ही हसू नका. परवाच्या पंगतीत मी तुमच्या शेजारीच होतो.

तर ह्या प्रश्नाचं उत्तर एका माणसाच्या गोष्टीत आहे. माणसाचं नाव केरबा शिणगारे. गाव बेलवडे बाजार. सगळे त्यांना केरबाअण्णा म्हणत. एसटी स्टँडावर कंट्रोलर होते हो, तीस वर्षं! शिट्टी वाजवायची आणि म्हणायचं, "रांग करा, रांगेतनं या." तीस वर्षं दुसऱ्यांना रांगेत उभं केलं, स्वतः कधी उभे राहिले नाहीत. रिटायर झाले तरी शिट्टी खिशातच. सुट्टीला आलेली नातवंडं पाणी प्यायला माठाजवळ गेली तरी हे म्हणणार, "एकामागनं एक."

आता काय झालं, अण्णांच्या मंडळी हौसाबाई न्हाणीत पाय घसरून पडल्या. उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, दीड महिना हात हलवायचा नाही. घरात दोघंच. मुलगा-सून, नातवंडं पुण्याला. हौसाबाईंच्या हाताला चाळीस वर्षांत पहिल्यांदा सुट्टी, आणि अण्णांच्या ताटातली भाकरी बंद!

पहिले चार दिवस शेजाऱ्यांनी जेवण दिलं. शेजारी किती दिवस देणार? मग पाव आला, खारी आली, खानावळीचा डबा आला. अण्णा कुरकुरत का होईना जेवायचे. पण हौसाबाई — ताट समोर आलं की दोन घास खाल्ल्यासारखं करायच्या आणि ताट सरकवायच्या. "नको वाटतंय," एवढंच म्हणायच्या. बाराव्या दिवशी अण्णांनी बघितलं, बाईच्या हातातल्या बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्यात. डाव्या हातातल्या हो! प्लास्टर उजव्याला.

अण्णा घाबरले. जीव होता त्यांचा हौसाबाईंवर. तोंडानं कधी बोलले नाहीत, आपल्याकडं तशी रीत कुठंय! बायकोवर माया आहे हे पुरुष कधी सांगतो? ती दवाखान्यात गेल्यावर. तेही डॉक्टरला!

अण्णांनी मनाशी हिशेब घातला — हिला गरम भाकरी मिळत नाही, म्हणून ही खात नाही. हिच्या जिभेला चाळीस वर्षं तव्यावरची भाकरी ठाऊक, पाव कसा गोड लागेल? झालं! रोग सापडला, आता औषध.

औषध पोपटशेठच्या दुकानात होतं. पोपटशेठचं मिक्सर-पंख्यांचं दुकान. दारावर महिनाभर एक कागद चिकटवलेला — 'येत आहे! भाकरीचं यंत्र! वरून पीठ-पाणी घाला, खालून गरम भाकरी घ्या!' महिनाभरात त्या कागदाकडं कुणी बघितलं असेल तर एका शेळीनं. तिनं खालचा कोपरा खाल्ला. पोपटशेठनं कंपनीकडून भीत भीत पाच यंत्रं मागवली होती आणि बायकोला म्हणत होते, "दोन खपली तरी देव पावला."

ध्यानात ठेवा मंडळी. पाच यंत्रं आणि गिऱ्हाईक एकच, केरबाअण्णा! गुरुवारी सकाळी माल यायचा होता. अण्णा आठ वाजता चहा पिऊन निवांत गेले असते तरी पोपटशेठनं पायघड्या घालून यंत्र हातात दिलं असतं.

पण कंट्रोलरचं डोकं! बुधवारी संध्याकाळी पाचाचा आकडा कानावर आला आणि अण्णांच्या मनात आलं, यंत्रं पाच आणि गाव केवढं! नंबर लावून ठेवलेला बरा. आता नंबर कसा लावायचा हे आपल्याला काय शिकवायला पाहिजे? रॉकेलच्या रांगेत, नळाच्या रांगेत आपण काय करत होतो? माणूस घरी आणि त्याचा डबा रांगेत. डबा नसला तर दगड, दगड नसला तर चप्पल! चप्पल ठेवली की तिथं माणूस उभा आहे असं समजायचं. आपल्या लोकांइतका विश्वास कुणाचा नाही हो!

अण्णांनी चप्पल ठेवली. कुठली? पायातली नवी? छे! देवाला नारळ वाहायचा तर कुजका निघेल तो, तसं हे. पडवीतली जुनी फाटकी चप्पल काढली, अंगठा हिरव्या नाडीनं बांधलेला. डाव्या पायाची एकच ठेवली. पोपटशेठच्या बंद दारासमोर, पायरीला टेकवून. आणि घरी जाऊन हौसाबाईंना म्हणाले, "उद्यापास्नं तुझं हाल संपलं बघ."

हौसाबाई म्हणाल्या, "काय केलंसा?"

"नंबर लावलाय."

त्या काहीतरी बोलणार होत्या. पण अण्णा तोवर शिट्टी पुसायला लागले होते.

इकडं दुकानापाशी काय झालं? खोत मास्तर फिरून परत येत होते. मूळचे कोकणातले, बदलीनं बेलवड्याला आले आणि इथंच राहिले. त्यांनी चप्पल बघितली. हिरवी नाडी ओळखली. मनात म्हणाले, "कंट्रोलरनं नंबर लावलाय! तीस वर्षं रांगा सांभाळलेला माणूस, उगाच लावणार नाही." झालं! मास्तरांनी शेजारी आपली चप्पल काढली आणि अनवाणी घरी गेले. मग दूधवाल्यानं दोन चपला बघितल्या. एकीची गोष्ट वेगळी, दोन म्हणजे रांग! त्यानं तिसरी ठेवली. तिसरी बघून चौथा, चौथी बघून अकरावा —

सकाळी सात वाजता पोपटशेठ दुकान उघडायला आले तर पायरीपासून पिंपळाच्या पारापर्यंत त्रेसष्ट चपला! पोपटशेठना वाटलं दुकानात कुणीतरी वारलं. मग कळलं, हे गिऱ्हाईक! मग काय विचारता, त्यांनी खडू घेतला आणि फळीवर लिहिलं — 'फक्त पाच नग. एका घराला एकच.' मंडळी, 'एकच' म्हटलं की माणसाला दुसऱ्याची गरज लागते. दोघा भावांनी तिथल्या तिथं वेगळं घर मांडल्याचं जाहीर केलं! वीस वर्षांत तहसीलदाराला जे जमलं नाही ते त्या फळीनं केलं.

आणि अण्णा? अण्णा आठला आले. आंघोळ करून, गंध लावून, नव्या चपला घालून. लांबून रांग बघितली आणि छाती फुगली. "कशी शिस्तीत लावलीय," म्हणाले. ऐटीत पुढं आले आणि बघतात तो पहिल्या नंबरला मास्तरांची चप्पल. हिरवी नाडीवाली नाहीच!

तेवढ्यात माल उतरवून कंपनीचा टेम्पो निघाला. कोरा टेम्पो, गुलालाचे ठिपके अजून पुसले नव्हते. आणि टेम्पोच्या मागच्या बाजूला, नंबरप्लेटच्या खाली, उलटी टांगलेली — हिरवी नाडी! नजर लागू नये म्हणून नव्या गाडीला फाटकी चप्पल बांधतात का नाही? अण्णांचा पहिला नंबर टेम्पोच्या बुडाशी झोके घेत चालला होता!

अण्णा म्हणाले, "पहिला नंबर माझा आहे. ती बघा माझी चप्पल चाललीय."

रांगेतले म्हणाले, "चप्पल आणा, नंबर घ्या." काय चूक बोलले? नियम कुणी शिकवला होता?

मंडळी, पासष्ट वर्षांचा माणूस पळाला! धोतराचा सोगा एका हातात, दुसऱ्या हातानं शिट्टी तोंडात. टेम्पो पुढं, शिट्टी मागं! मृदंगवाले, जरा वाजवा — हां, असा पळाला! मारुतीच्या देवळापाशी ड्रायव्हरला शिट्टी ऐकू आली. त्याला वाटलं पोलीस. गपकन थांबला, कागद हातात घेऊन खाली उतरला.

अण्णा धापा टाकत म्हणाले, "कागद ठेव. चप्पल दे."

"काका, नवी गाडी हाय. नजरंसाठी बांधलीया. बेवारशी पडली हुती दारात."

"बेवारशी न्हाई ती. नंबरात हुती."

ड्रायव्हरनं हात जोडले. "काका, चार गावं फिरलो. फाटकी चप्पल कुठं घावत न्हाई आता. सगळे नवी घेत्यात."

बघा! फाटक्या चपलेचासुद्धा तुटवडा!

अण्णांनी चप्पल सोडवली आणि छातीशी धरून परत पळाले. पोचले तेव्हा फळीवर तीनच अक्षरं होती — संपले. अकरा मिनिटांत पाच यंत्रं! सत्तावन्न माणसं तोंडं पाडून चपला शोधत होती. आदल्या दुपारपर्यंत ज्या वस्तूचं नाव ठाऊक नव्हतं, ती मिळाली नाही म्हणून हळहळत होती. एकानं तर विचारलं, "पण हुतं काय त्यात?"

पायरीवर खोत मास्तर खोका मांडीवर घेऊन बसले होते. अण्णा त्यांच्यासमोर उभे राहिले.

"मास्तर, तुमच्या घरी भाकरी करतात?"

"नाही हो. आम्ही दोन्ही वेळ भातच."

"मग हे कशाला?"

मास्तरांनी खोक्याकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं आणि खाली मान घालून म्हणाले, "पाचच नग होते हो. आणि तुमची चप्पल पुढं दिसली."

अण्णांना तिथं सगळं उमगलं. रांग गावानं लावली नव्हती. रांग आपण लावली! एका चपलेनं बासष्ट चपला जमवल्या, आणि ज्या एका घरात नड होती तेच घर रिकामं राहिलं. मास्तर भले माणूस, खोका पुढं करून म्हणाले, "तुम्हीच न्या." पण अण्णांचा ताठा! "नंबर तुमचा आहे," म्हणाले आणि वळले. नियम म्हणजे नियम.

घरी आले. फाटकी चप्पल हातात, डोळ्यांत पाणी. हौसाबाई चुलीपाशी बसलेल्या. समोर खानावळीचा डबा उघडा, अन्नाला हात नाही. अण्णा उंबऱ्यातच बसले आणि सगळं सांगितलं. चप्पल, टेम्पो, शिट्टी, सगळं. शेवटी म्हणाले, "यंत्र आलं असतं तर तुला गरम भाकरी मिळाली असती. तू जेवली असतीस."

हौसाबाई म्हणाल्या, "भाकरीचं काय घेऊन बसलाय? गरम असती तरी मी न्हाई जेवले असते."

"का?"

बाई लाजल्या हो! चाळीस वर्षांचा संसार, आणि लाजल्या. म्हणाल्या, "उजवा हात ह्यात बांधलाय. डाव्या हातानं अन्नाला शिवायचं कसं? आई म्हणायची, डावा हात अन्नाला लागला तर अन्नपूर्णा उठून जाते. चमच्यानं खाऊन बघितलं, गळ्याखाली उतरंना."

अण्णा उठून जवळ आले. "आगं, मग सांगायचं न्हाईस?"

"कुणाला सांगू? तुम्ही रांगेत."

मंडळी, हसू नका आता. जरा थांबा. सगळा बाजार हिंडले, टेम्पोमागं पळाले, आणि बाईला हवं होतं काय? एक उजवा हात. तो अण्णांच्या खांद्याला सकाळपासून लटकत होता! कंपनी पाच नाही, पाच लाख यंत्रं पाठवू दे. भाकरी करून देईल. घास भरवील का?

अण्णांनी हात धुतले. खानावळीची गार चपाती, वाटीभर आमटी. चपाती कुस्करली आणि पहिला घास हौसाबाईंच्या तोंडापाशी नेला. बाईंनी आधी दाराकडं बघितलं, कुणी बघत तर नाही ना. मग तोंड उघडलं. दोन चपात्या खाल्ल्या हो! गार! दुसऱ्या दिवशी अण्णांनी पीठ मळलं. भाकरी कशी झाली विचारू नका, एका बाजूला कच्ची, दुसऱ्या बाजूला कोळसा. हौसाबाई म्हणाल्या, "झकास झालीया." तेवढं खोटं देव माफ करतो.

तर प्रश्न होता, एवढी नड एका दिवसात येते कुठून? ती येते रस्त्यावरून! मला काय हवंय हे माणूस घरात विचारत नाही. दुसऱ्याची चप्पल कुठं आहे ते बघतो. कंपनी त्या विश्वासावर माल थोडाच पाठवते. तिला ठाऊक असतं, बाकीचं काम आपण करू.

रांगेत उभं राहू नका असं मी म्हणत नाही. चांगली वस्तू आली तर जरूर घ्या. पण त्याआधी घरात जा, आपल्या माणसासमोर बसा आणि विचारा, "तुला काय हवंय?" आणि विचारून उठू नका! उत्तर येईपर्यंत बसा. उशीर लागतो. पुष्कळ वर्षं कुणी विचारलेलं नसतं.

मीही विचारलं. खोटं कशाला बोलू? आज निघताना विचारलं. गेली सव्वीस वर्षं गावोगाव दुसऱ्यांना उपदेश करत हिंडतोय, घरी पहिल्यांदा विचारलं. आमची मंडळी बराच वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "काही नको. एक दिवस माझ्या जेवणाच्या वेळेला घरी या."

पेटीवाले, सूर धरा. भजन एकच घेऊ, आणि तेही छोटं. मला घरी जायचंय. तुम्हालाही.