पानावर नसलेलं वाक्य

अगं, कालची गंमत ऐक! दादरच्या स्टुडिओत मी नि निखिल ऑडिओबुक वाचतोय ना, एकाच प्रमोशनसाठी भांडणाऱ्या दोघांची लव्हस्टोरी. आमचंही तसंच. एक अडखळला की रिटेक, आणि दुसरा खिदळणार. त्यात हा मेला कधी अडखळतच नाही!

काल शेवटचा सीन होता. नायकाची प्रेमाची कबुली त्याने एका दमात वाचली. आता माझं वाक्य, तर हाच पुढे बोलला, "उद्या आईसाठी लालबागला मसाला कुटून आणायला जाणारेस ना? पिशव्या धरायला येऊ?"

मी आपली पानं उलटतेय. "हे कुठल्या पानावर आहे?"

"पानावर नाहीये."

काचेपलीकडून रेकॉर्डिंगवाले काका म्हणाले, "अगं बाई, उत्तर दे त्याला! रेकॉर्डिंग चालू आहे."

निखिलचे कान लालबुंद. मला हसू आवरेना, पण कधी नव्हे तो तावडीत सापडला होता, सोडते की काय!

"काका, रिटेक! याचा आवाज कापतोय."

तीन टेक द्यायला लावले मेल्याला. मग हो म्हटलं.