शंभर वर्षांची गॅरंटी

कोल्हापुरात काहीही विका, पण गॅरंटी देऊन विकू नका. डिजिटल प्रिंट नव्यानं आल्या, तेव्हा शाहूपुरीत माझं फोटोंचं दुकान होतं. पन्हाळ्यावरच्या धुक्याचा माझा मोठा फोटो गुळाच्या एका व्यापाऱ्याला आवडला. महिन्यातलं पहिलंच गिऱ्हाईक, म्हणून मी छाती फुगवून सांगितलं, "शंभर वर्षं रंग उडणार नाही. लेखी देतो."

त्यानं डोळे बारीक केले. "आन उडाला तर? तवा तू असशील व्हय?"

"माझी मुलं, नातवंडं असतील की."

"पोरं किती हायत?"

"अजून लग्न व्हायचंय."

त्यानं बाहेर काढलेलं पाकीट परत खिशात घातलं. "मग भांडायचं कुणासंगं रं? फोटो बांधून ठेव. बारशाचं आवतान आलं की न्यायला येतो."