उत्तमराव पाटलाचा दुपट्टा आन मांडवातली लेकरं

नाही पण मले हे सांगा, डोळे आलेल्या माणसाकडं नुसतं पाह्यलं का आपलेबी डोळे येतेत, हे काढलं कोणं? कारण ज्यानं काढलं त्याच्यापायी आमच्या उत्तमराव पाटलाचे जे हाल झाले ना, ते तेल्हाऱ्याच्या बाजारात लोक अजून सांगून राहिले, आन सांगतानी असा मसाला लावतेत का पाटलानं बाजारात जाणंच सोडलं... म्हणून म्हटलं, खरं काय झालं ते आपणच सांगून टाकाव.

तुमाले त माहीतच आहे, त्या साली कापसानं साऱ्या वऱ्हाडाचं डोकं फिरवलं होतं. तिकडं साता समुद्रापलीकडं अमेरिकेत म्हणे भावाभावात लढाई जुंपली, तिकडचा कापूस बंद झाला, आन विलायतेतल्या गिरण्या आमच्याकडं तोंड वासून बसल्या. आता अमेरिकेत कोण भांडून राहिलं आन काहून, हे आमाले कशाले पायजे? आमाले एवढंच समजलं का ज्याच्या वावरात कापसाची पराटी, तो राजा. आन उत्तमरावाच्या वावरात त अशी पराटी का दुरून पाह्यलं तर वाटे, कोणं धोतरं वाळू घातले आहेत.

पण कापूस काय आपल्या पायानं चालत घरी येते? वेचाले बाया लागतेत. आन बाया त त्या साली नवरदेवापेक्षा भाव खाऊन राहिल्या होत्या. वेचणाऱ्या बायांची म्होरकी म्हणजे गंगूबाई. ते आली, ओसरीच्या पायरीवर बसली, आन म्हणे, "पाटील, वेचतो आमी. पण लेकरं कुठी ठेवाव? काखेत पोट्टं घेऊन काय पराटीत फिराव?"

दरसाली लेकरं गावातली म्हातारी जमुनाआजी पाहे. पण त्या साली आजीनंबी कंबर कसली, वेचलेला कापूस टाकाले वटी बांधली आन ते स्वतःच वेचाले निघाली. कंबर सरळ होत नाही, म्हणे, त बरंच आहे, पराटीपाशी वाकाच लागत नाही. तिकडं शेजारचा किसनराव बायायच्या लेकरायले गुळ-दाणे देतो म्हणून सांगून राहिला. आता बाया त्याच्याकडं गेल्या तर उत्तमरावाचा कापूस काय कावळे वेचतीन? उत्तमराव बाजेवर लोळले होते, ते तसेच उठून बसले आन म्हणाले, "मी पायतो ना. लेकरंच त आहेत, त्याले काय लागते?"

चुलीपाशी त्यायच्या बायकोच्या, पार्बताबाईच्या हातातली भाकर तव्याऐवजी राखेत पडली. काहून नाही पडणार? घरचे लेकरं मोठे होऊन लग्नाले आले, पण त्यातल्या एकाचं तोंड या बाप्पानं कधी धुतलं नव्हतं.

तर दुसऱ्या दिवशी खळ्यात मांडव उभा राहिला, बाया वावरात गेल्या, आन उत्तमराव पाटील लेकरायच्या मधात बसले. कोणी रांगते, कोणी माती खाते, कोणी दुसऱ्याच्या हातातली माती खाते. उत्तमरावाच्या खांद्यावर अमरावतीहून आणलेला पांढराशुभ्र दुपट्टा. पाटलाले घाण खपत नाही बरं का, तेवढा एक गुण. त्यायनं एकेकाले धरलं आन पुसून काढलं. याचा शेंबूड, त्याचे चिपडं, तिच्या तोंडाचा गुळ... पुन्हा याचा शेंबूड. संध्याकाळी गंगूबाईनं पाह्यलं त एखादं सोडून सारे लेकरं लखलखीत. ते म्हणे, "पाटील, कमाल केली." पाटील म्हणे, "त्याले काय लागते?"

काय लागते ते पुढं समजलं. सहदेव नावाचं एक लेकरू सकाळी आलं, त्याचे डोळे पिकल्या बोरावानी लाल. दुसऱ्या दिवशी त्याच्या आजूबाजूचे लाल. तिसऱ्या दिवशी अर्धा मांडव लाल. उत्तमराव घाबरले. पण त्यायले उपाय माहीत होता ना, तोच, आपण सुरुवातीले म्हटलं तो. "कोणी कोणाकडं पायाचं नाही. फिरवा तोंडं तिकडं."

आता डोळ्यापुढं आणा. मांडवात लेकरायचं गोल रिंगण, साऱ्यायची तोंडं बाहेर, पाठी आत, आन मधात पाटील. जेवण चारायचं तर पाठीमागून. उत्तमराव खांद्यावरून हात घालत आन दूध-भाकर तोंडात देत. तोंडात म्हणजे... काहीयच्या कानात गेली. आन लेकरायले पाहू नको म्हटलं तर ते काय करतीन? पायातूनच वाकून पाहतीन. सारं रिंगण उलटं वाकून एकमेकाकडं पाहून हसून राहिलं.

सहदेवानं इचारलं, "पाटीलबाबा, तुमी त आमच्याकडं दिवसभर पायता, मंग तुमचे डोये काहून नाही आले?"

पाटलाले वाटलं, बरोबर म्हणते पोट्टं, आपणबी सांभाळाव. मंग त्यायनं काय केलं असन? तोच दुपट्टा काढला आन आपल्याच डोळ्याले बांधला. सांगतो ना, बांधला. डोळे बांधून लेकरं सांभाळून राहिले. अर्धे लेकरं कापसाच्या गंजीत शिरले, एक गाईच्या गव्हाणीत जाऊन झोपलं, आन पाटील एका गाठोड्याले थापटून राहिले, "शाहाणं माहं लेकरू, कसं गुपचाप बसलं."

दुसऱ्या सकाळी पाटलाच्या पापण्या अशा चिकटल्या का त्यायले वाटलं, उजाडलंच नाही.

आन इकडं बायायनं काम सोडलं. काहून नाही सोडतीन? लेकरू डोळे उघडत नाही, रडून रडून उलटी करते, मायनं कापूस वेचाव का त्याले पाहाव? गंगूबाई आली, कडेवर तिची नात रुख्मिणी. या बाईचा आवाज कधी खाली नसते, पण त्या दिवशी होता. म्हणे, "पाटील, तुमच्यावर भरोसा ठेवून टाकले होते लेकरं. आता नाही येत आमी."

बाहेर आभाळ भरून आलं होतं, वावरात कापूस फुटून लोंबून राहिला होता, एक सर आली का सारा चिखल. पण खरं सांगतो, उत्तमरावाले कापसाचं तेवढं नाही लागलं, जेवढा तो "भरोसा" शब्द लागला. गावात पाटलाले लोक घाबरत, मान देत, पण लेकरू उचलून आजवर कोणी दिलं नव्हतं.

त्यायनं बोटानं एक पापणी उघडली, तर पुढं रुख्मिणी. तिचे डोळे चकचकीत. मांडवात सगळ्यायचे आले, हिचेच काहून नाही आले? हे त सगळ्यात आगाव, सगळ्यायच्या डोळ्यात डोळे घालून पाहे. तिचं नाक वाहून राहिलं होतं, पाटलाचा हात सवयीनं दुपट्ट्यासकट पुढं गेला, आन रुख्मिणीनं त्यायचा अंगठा कडकडून चावला.

ते रोजच चावे. पुसूच देत नसे.

अंगठा तिच्या दातात, आन पाटलाच्या डोक्यात उजेड पडला. त्यायनं दुपट्ट्याकडं पाह्यलं. हिरवा, पिवळा, कडक... अमरावतीचा तो राहिलाच नव्हता. हळूच म्हणाले, "गंगूबाई, पायल्यानं नाही आले वो डोये. म्याच आणले. एकाचे काढले आन दुसऱ्याले लावले." पाटील आन चूक कबूल करते, हे गंगूबाईनं पह्यल्यांदाच पाह्यलं.

दुपट्टा चुलीत गेला, आन गंगूबाईनं साऱ्या लेकरायले पुन्हा मांडवात आणलं. पण लेकरागणिक नवं फडकं आणाव कुठून? आन उत्तमरावानं आजूबाजूले पाह्यलं, तर कापूस. ढीग. त्यायनं निंबाचा पाला टाकून पाणी उकळलं, निवू दिलं, कापसातली सरकी काढली, बोळा केला, एक डोळा पुसला, बोळा विस्तवात. दुसऱ्या डोळ्याले दुसरा बोळा, तोबी विस्तवात. मंग आपले हात राखेनं घासून धुतले, आन दुसरं लेकरू घेतलं.

पार्बताबाई धावत आली. "अवो, अकोल्याचे दलाल या कापसाले गादीवर बसवून राहिले, आन तुमी त्यानं चिपडं पुसून विस्तवात जायून राहिले?"

"मंग वावरात भिजू देऊ का सारा?"

पार्बताबाई पदर खोचून बोळे कराले बसली.

पाटलानं मांडवाचे दोन भाग केले. मधात आडवा बांबू. लाल डोळे इकडं, पांढरे तिकडं, बांबू ओलांडाचा नाही, मंग तो कोणी असो. नियम म्हणजे नियम, म्हणून पाटील स्वतः लाल डोळ्यायकडं बसले. पलीकडं एकटी रुख्मिणी. तिनं जे भोकाड पसरलं, "मलेबी डोये आणा, मलेबी डोये आणा..." आन स्वतःचे डोळे चोळचोळून लाल केले. पाटलानं बांबूवरून वाकून, अर्ध्या पापणीतून तपासलं आन निकाल दिला, "खोटे आहेत. बस तिकडंच."

हळूहळू डोळे निवळले. बाया एकेक करून परत आल्या, पह्यले मांडवात डोकावत, मंग वावरात जात. आभाळ नुसतंच गडगडलं आन चिखलदऱ्याकडं निघून गेलं. कापूस वाचला. थोडासा धुरात गेला तेवढा सोडून.

इथंच संपाव ना? पण नाही. यंदा पेरणीच्या आधी गंगूबाई आली, तर उत्तमरावानं अगोदरच सांगून टाकलं, "यंदा पराटी नाही, सगयी ज्वारी पेरतो. वेचणीचं कामच नाही."

गंगूबाई म्हणे, "पेरा ना. सोंगणीले येतोच आमी लेकरं घेऊन. आता दुसऱ्याजवय बसतच नाहीत ते. किसनरावाच्या बाया इचारून राहिल्या, आमचे बी ठेवतीन का म्हणून. म्या हो म्हटलं."

मंग उत्तमरावानं काय केलं? काय करतीन बाप्पा... यंदा मांडव जरा मोठा बांधून राहिले.